भारतात कुठेही पक्के घर नाही

‘माझ्या, माझ्या पत्नीच्या किंवा अविवाहित मुलांच्या नावे भारतात कुठेही पक्के घर नाही.’ हे वाक्य लग्नाच्या बैठकीत कुणी उच्चारलं, तर पाहुणे चहासुद्धा न घेता उठतील. तेच वाक्य प्रधानमंत्री आवास योजनेच्या अर्जासोबत लिहून दिलं, की माणूस पात्र होतो.

आमचा भाचा या दोन्ही बाजारांतून गेलेला आहे. २०१९ साली त्याचं लग्न जमवताना जो बायोडाटा काढला, त्यात ‘औरंगाबाद शहरात स्वतःचे घर, गावी बागायती शेती’ असं छापलं होतं. शहरातलं घर म्हणजे हडकोतलं आमचं घर. तो अकरावीपासून आमच्याकडेच राहायला होता, त्यामुळे त्यानं ते स्वतःचं म्हणायला आमची काही हरकत नव्हती. बागायती शेती म्हणजे फुलंब्रीकडची दोन एकर कोरडवाहू. तिच्यात विहीर आहे. विहिरीत पाणी नाही, पण विहीर आहे. आता इतक्या वर्षांनी सरकारला द्यायचा कागद सूनबाईंच्या हाती पडला. त्यांनी कपाटातून तो जुना बायोडाटा काढला (बायका असले कागद टाकत नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून साड्यांखाली ठेवतात) आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडून विचारलं, ‘‘यातलं खरं कोणतं?’’

‘‘दोन्ही,’’ भाचा म्हणाला. ‘‘तो तुझ्या पप्पांसाठी होता. हा सरकारसाठी आहे.’’

तिसरा कागद त्यानं अजून दाखवलाच नव्हता. तो बँकेसाठी होता आणि त्यात तो पहिल्या दोन्ही कागदांपेक्षा बराच सधन दिसत होता.

सरकारी मदतीनं पहिलं घर घेणाऱ्याची सगळी कसरत या तीन कागदांत आहे. सरकारपुढं गरीब दिसायचं, बँकेपुढं श्रीमंत दिसायचं आणि सासुरवाडीला घर आधीपासून होतंच असं वाटू द्यायचं. अडचण एवढीच, की तिन्हीकडं आधार कार्ड एकच लागतं.

तसं पाहिलं तर सरकारनं घर देणं ही आमच्या शहराला नवलाई नाही. सत्तरच्या दशकात राज्य सरकारची सिडको इथं आली आणि जुन्या शहराबाहेरच्या माळरानावर एन-१, एन-२ करत एन-१३ पर्यंत वसाहती आखत गेली. ज्या भागातली घरं हुडको या दिल्लीच्या महामंडळाच्या कर्जातून उभी राहिली, त्या भागाला लोकांनी सरळ हडको म्हणायला सुरुवात केली. कर्ज देणाऱ्याचं नाव वस्तीला देण्याइतके कृतज्ञ लोक दुसरीकडं सापडायचे नाहीत. तोच न्याय आज लावायचा, तर शहरातल्या प्रत्येक नव्या कॉलनीला कुठल्या ना कुठल्या बँकेचं नाव द्यावं लागेल.

त्या काळी गुलमंडी-शहागंजातले लोक सिडकोला हसायचे. ‘तिकडं जंगलात कोण जाऊन राहणार?’ हा तेव्हाचा लोकप्रिय प्रश्न होता. जुन्या शहरातल्या बहुतेक घरांत असे एक काका असतात, ज्यांना सिडकोचं घर लागलं होतं आणि ज्यांनी ते परत केलं. लग्नाकार्यात पंगती उठल्या, की हे काका ती गोष्ट सांगायला बसतात. घराची किंमत मात्र दर वेळी उतरत जाते. आमच्या एका काकांनी सुरुवातीला बारा हजारांचं घर सोडलं होतं, गेल्या दिवाळीत ते आठ हजारांवर आले. देवानं त्यांना आणखी आयुष्य दिलं, तर सिडकोच त्यांना वर पैसे द्यायला तयार होती, असं निघेल.

ज्यांनी घेतलं, त्यांना दीड-दोन खोल्या मिळाल्या. ती मूळची घरं आज शोधावी लागतात. ती आहेत, पण कांद्याच्या गाभ्यासारखी आत गेली आहेत. आमच्याच गल्लीत बघा. मूळची खोली आता देवघर आणि गव्हाची कोठी एवढ्याला उरली आहे. तिच्या पुढं मोकळी सोडायच्या जागेत हॉल आला. हॉलच्या पुढं ओटा, ओट्यावर लोखंडी जिना. जिन्याच्या खाली ‘पिको-फॉल करून मिळेल’ अशी पाटी आणि वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची चार मुलं, जी वर्षानुवर्षं तीच परीक्षा देत आहेत. त्याच्याही वर काळ्या टाक्या. एवढं सगळं स्वतःच्या पैशानं बांधून झाल्यावर कागद उघडून पाहिलं, तर आपण मालक नाहीच, भाडेपट्टेदार! २००६ साली सिडकोनं वसाहती महापालिकेकडं सोपवल्या, तेव्हापासून कर एकीकडं भरायचा आणि ना-हरकत दुसरीकडून आणायची, अशी सोय झाली. घरं ‘फ्री होल्ड’ करण्याचं आश्वासन आमच्याकडं निवडणुकीच्या प्रचारात इतक्यांदा ऐकलंय, की एखाद्या उमेदवारानं ते दिलं नाही तर त्याची तब्येत बरी नसेल, असं वाटतं.

पण काही म्हणा, तेव्हा सरकार घर बांधायचं. कारकून, प्राथमिक शिक्षक, एसटीचे कंडक्टर यांना चार भिंती दिसायच्या, त्यांना हात लावता यायचा, ओल आली तर शिव्या घालता यायच्या. आताच्या बहुतेक योजनांत सरकार घर बांधत नाही, माणसाची पात्रता बांधतं. त्या बांधकामाला वाळू-सिमेंट लागत नाही, झेरॉक्स लागतात.

प्रधानमंत्री आवास योजना शहरांसाठी सुरू झाली ती २५ जून २०१५ रोजी. २०२२ पर्यंत सर्वांना घर, असा संकल्प होता. त्यातली लोकांना सगळ्यात पटकन समजलेली गोष्ट म्हणजे गृहकर्जाच्या व्याजावरची सबसिडी, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार. हा आकडा आमच्या शहरानं पाठ केला. बीड बायपासपासून जळगाव रोडपर्यंत रो-हाऊसच्या फलकांवर तो घराच्या किमतीपेक्षा मोठ्या अक्षरांत असायचा. लांबून येणाऱ्या माणसाला वाटावं, घरच २ लाख ६७ हजारांना आहे. वाळूजच्या कंपन्यांत तर पहिल्या पाळीला एकमेकांना ‘काय, कसं काय’ न विचारता ‘सबसिडी आली का?’ असं विचारायची पद्धत पडली होती. ज्याची आली, तो चहा पाजायचा. ज्याची आली नाही, तो पोर्टल दाखवायचा.

मध्यम उत्पन्नवाल्यांसाठीची ही सबसिडी मार्च २०२१ मध्ये बंद झाली, बाकीच्यांची मार्च २०२२ मध्ये. घर घ्यायचंच, असा आमच्या भाच्याचा निश्चय एप्रिल २०२२ मध्ये झाला.

मग त्यानं महापालिकेच्या योजनेकडं डोळे लावले. शहराभोवती सरकारी जमिनींवर सुमारे ४० हजार घरं बांधायची ठरली होती आणि अर्ज हजारोंनी आले होते. घरांच्या आधी निविदा निघाल्या. ठेकेदारांनी संगनमत करून एकाच आयपी ॲड्रेसवरून निविदा भरल्याचा आरोप झाला, २०२३ मध्ये सिटी चौक पोलिसांत गुन्हा दाखल झाला, पाठोपाठ शहरात ईडीचे छापे पडले. इकडं हजारो माणसं स्वतःचा एक पत्ता मिळावा म्हणून रांगेत आणि तिकडं स्पर्धकांचा म्हणे पत्ता एकच! भाच्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, पेपरात ही बातमी वाचून विचारलं, ‘‘ईडी आली म्हणजे आता घर लवकर मिळंल ना?’’ त्यांना ईडी हा नवा गृहनिर्माण विभाग वाटला होता.

म्हाडाचं वेगळं आहे. म्हाडा म्हणजे सोडत. पडेगाव, तिसगाव, देवळाई, नक्षत्रवाडी अशी नावं जाहिरातीत आली, की घरोघर मोबाइल बाहेर निघतात. नक्षत्रवाडी हे नाव तर असं आहे, की ताबा नाही मिळाला तरी नुसतं अर्जात लिहायला बरं वाटतं. अर्ज ऑनलाइन असतो आणि कागदपत्रं आधीच चढवायची असतात. इथं आमच्याकडच्या अर्जदारांना एक खास अडचण येते. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं. भाच्याच्या जन्मदाखल्यावर औरंगाबाद, आधारवर छत्रपती संभाजीनगर आणि कंपनीच्या पगारपत्रकावर नुसतं ‘औ’बाद’. संगणकाच्या दृष्टीनं हा माणूस तीन गावांत राहतो आणि तिन्ही गावांत त्याला घर नाही. खरं तर त्याला सोडत न काढताच घर द्यायला हवं.

म्हाडात वेगवेगळ्या गटांना राखीव घरं असतात, त्यात आमदार-खासदारांचाही एक कोटा असतो. २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत ताडदेवला एक घर होतं, किंमत साडेसात कोटींच्या वर. त्यासाठी अर्ज करणाऱ्यांत दोन नावं आमच्याकडचीच होती. एक आमच्याच शहरातले, तेव्हाचे केंद्रीय अर्थ राज्यमंत्री डॉ. भागवत कराड आणि दुसरे शेजारच्या बदनापूरचे आमदार नारायण कुचे. घर कुचेंना लागलं, कराड प्रतीक्षा यादीत राहिले आणि पुढं कुचेंनी ते घर परत केलं. या बातमीनं भाच्याला जेवढा धीर दिला, तेवढा कुठल्याही योजनेनं दिला नसेल. देशाच्या अर्थखात्यातला मंत्री म्हाडाच्या प्रतीक्षा यादीत आहे, म्हटल्यावर आपण कोण? मला मात्र कुचे साहेबांचं पुढचं आयुष्य डोळ्यांसमोर आलं. तीस-चाळीस वर्षांनी कुठल्या तरी लग्नात पंगती उठल्यावर ते सांगतील, ‘ताडदेवचं घर लागलं होतं मला, परत केलं.’ आमच्या काकांच्या शेजारी खुर्ची रिकामीच आहे.

सप्टेंबर २०२४ पासून आवास योजनेचा दुसरा अवतार आला आणि भाचा पुन्हा उभा राहिला. या वेळी त्यानं नियम तोंडपाठ केले. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत. कर्ज २५ लाखांपर्यंत. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर चार टक्के व्याजाची सूट, ती मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुलं. आई-वडील यात धरत नाहीत. ही व्याख्या सूनबाईंना अतिशय स्वच्छ आणि सुटसुटीत वाटली. सरकार एवढा खोल विचार करतं, हे आपल्याला माहीत नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

मी कागद-पेन घेऊन हिशेबाला बसलो. ३५ लाखांचं घर, कर्ज २५ लाख. वरचे १० लाख कुठून आणायचे? योजनेत याचं उत्तर नाही, कारण तो योजनेचा प्रश्नच नाही. म्हणजे सरकार म्हणतं, तुमचं उत्पन्न कमी आहे हे आम्हाला मान्य आहे, आता १० लाख रोख घेऊन या. शिवाय मुद्रांक शुल्क. शिवाय नोंदणीचे ३० हजार. घर बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत, म्हणजे ३५ हजार वाचतात. म्हणून घर सूनबाईंच्या नावानं घ्यायचं ठरलं. पूर्वी या सवलतीला एक अट होती, की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. २०२३ मध्ये तीही काढून टाकली. ‘‘अट होती तेच बरं होतं,’’ सूनबाई म्हणाल्या. ‘‘यांच्यापासून पंधरा वर्षं तरी घर सुरक्षित राहिलं असतं.’’

२५ लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण २१ हजार ७०० बसतो. सबसिडी वर्षाला ३६ हजार, म्हणजे महिन्याला ३ हजार. पाच वर्षांनी तीही संपते, हप्ता पुढं पंधरा वर्षं चालू. याच योजनेत ३ लाखांच्या आत उत्पन्न असणारा म्हणजे महिना २५ हजारवालाही बसतो. आमच्या चौकातल्या रिक्षावाल्यानं हिशेब ऐकला. हप्ता दिल्यावर त्याच्या हातात महिन्याला ३ हजार ३०० उरत होते. तो म्हणाला, ‘‘काका, घर होईल हो. पण मग घरी जायला पेट्रोल उरत नाही.’’

भाच्याची अडचण दुसऱ्या टोकाची. तो वाळूजला कंपनीत, सूनबाई एका इंग्रजी शाळेत. दोघांचं मिळून ८ लाख ७० हजारांच्या आसपास. म्हणजे काठावर. त्या दिवसापासून या घरात पैसा नको झाला. ओव्हरटाइम लावतो म्हटलं, की भाचा हात जोडायचा. सुपरवायझरला वाटलं, पोराला वैराग्य आलं. सूनबाईंच्या शाळेनं, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःहून पगारवाढ देऊ केली, तर यांनी सुट्टी टाकून मुख्याध्यापिकांची भेटच टाळली. दिवाळी बोनसकडं तर दोघंही साप बघावा तसं बघत होते. आणि त्याच आठवड्यात बँकेतले साहेब, कर्जाची फाइल चाळत, चष्म्यावरून बघत विचारत होते, ‘‘आणखी काही इन्कम दाखवता येईल का? ओव्हरटाइम वगैरे? मॅडम ट्यूशन घेत असतील ना?’’ मॅडम ट्यूशन घेतात. पण सरकारच्या कागदात घेत नाहीत, बँकेच्या कागदात घेतात. ट्यूशनला येणारी पोरं कुठल्या कागदात बसतात, हे त्यांनाही माहीत नाही. ती सतरंजीवर बसतात.

मग रविवारी घरं बघणं आलं. ३५ लाखांच्या आतलं रो-हाऊस म्हणजे शहर जिथं संपतं, तिथून आणखी थोडं पुढं. दलालाची गाडी वळणं घेत असते आणि तो अंतरं सांगत असतो. विमानतळ दहा मिनिटं, समृद्धी महामार्ग पाच मिनिटं. कुणाचं विमान, कोणती मिनिटं, विचारायचं नाही. जुलै २०२४ मध्ये बिडकीनला टोयोटाचा कारखाना येण्याचा करार झाला, त्यानंतर तर हे लोक चिंचेच्या झाडाखाली उभे राहून म्हणतात, ‘‘साहेब, टोयोटा येतीय. आज टोकन द्या, उद्या हा रेट राहणार नाही.’’ मी पिसादेवी, सातारा, देवळाई, तिसगाव असं चारी दिशांना फिरून आलोय. टोयोटा सगळीकडंच येतीय. किमतीचं विचारलं, की ठरलेलं उत्तर: ‘‘पस्तीसच्या आत बसवू ना!’’ बसवणं म्हणजे काय, तर घर ३४ लाख ९० हजार. पार्किंग वेगळं, वीज मीटर वेगळं, बोअरचा वाटा वेगळा, वकील वेगळा. घराला जिना होता. तो मात्र घरातच धरला होता, हे त्यानं उपकार केल्यासारखं दोनदा सांगितलं.

दाजींना हे रो-हाऊसचं प्रकरण पसंत नव्हतं. त्यांच्या मते घर घेणं म्हणजे जमीन घेणं, बाकी सगळं पत्र्याचा खेळ. ‘‘वीस बाय तीसचा प्लॉट घे. बाँडवर मिळतोय. हळूहळू बांध.’’ आणि खरं सांगायचं तर या शहरातली सगळ्यात यशस्वी गृहयोजना हीच. तिला कुणी प्रधान नाही, मंत्री नाही. शेतकऱ्यानं शेत विकलं, प्लॉटिंगवाल्यानं चुन्याच्या रेघा मारल्या, मिस्तरी, हमाल, पानटपरीवाले यांनी बाँडपेपरवर वीस बाय तीसचे तुकडे घेतले, हप्त्याहप्त्यानं पैसे फेडले, आणि एक खोली, मग दुसरी खोली, मग नळ नाही म्हणून मोर्चा. अशा गुंठेवारीच्या ११८ वसाहती शहरात मोजल्या आहेत. तिथं कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, कुणी भारतात कुठेही पक्के घर आहे का, विचारलं नाही. सरकार तिथं शेवटी पोहोचलं. २००१ चा गुंठेवारीचा कायदा होताच, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय केली, अर्थात शुल्क भरून. आधी योजना, मग घर, हा क्रम दिल्लीत ठरतो. आमच्याकडं आधी घर होतं, मग योजना त्याला शोधत येते. पण बाँडवरच्या प्लॉटला बँक दारात उभं करत नाही आणि बँक नाही तर सबसिडी नाही, म्हणून दाजींचा मुद्दा, बरोबर असूनही, बारगळला.

शेवटी एक रो-हाऊस पसंत पडलं. सूनबाईंनी ओटा बघितला, भाच्यानं महारेराचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि मी संभाजीनगरकर विचारतात तो प्रश्न विचारला: पाणी कितव्या दिवशी? या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं, की लोक नातेवाइकांना फोन करून सांगतात. जायकवाडीहून पाणी आणायची योजना १,६८० कोटींची होती, ती २,७४० कोटींवर गेली. आमच्या काकांचं घर जसं स्वस्त होत जातं, तशी ही महाग होत जाते. बिल्डरच्या माणसानं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, ‘‘पाण्याचं टेन्शनच घेऊ नका. टँकरला वळायला ऐसपैस जागा ठेवलीय.’’ विरार-बोळिंजला म्हाडाची हजारो घरं पाण्याच्या बोंबेपायी कितीतरी वर्षं विकली गेली नव्हती. आमच्या लोकांना त्या बातमीचा अर्थच कळला नाही. पाणी नाही, म्हणून घर घ्यायचं नाही? मग घर घ्यायचं तरी कुठं?

टोकन दिलं. अर्ज भरला. आणि घोषणापत्रावर सही करायच्या आदल्या दिवशी दाजींचा गावाहून फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

‘‘अरे, माझं घरकुल मंजूर झालं!’’

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागातही आहे, २०१६ पासून. तिथं तिला कुणी एवढं लांब नाव घेत नाही, घरकुल म्हणतात. १ लाख २० हजार मिळतात, हप्त्यांत. दाजींचं घर मातीचं, माळवदाचं. अर्धं माळवद मागच्या पावसाळ्यात बसलं, तिथं पत्रे टाकले होते. रेशनकार्ड वेगळं, राहणं वेगळं, त्यामुळे ते स्वतंत्रपणे पात्र. सगळं रीतसर. फक्त ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ ला त्या घरावर दाजींच्या नावाबरोबर भाच्याचंही नाव होतं. शाळेत त्याचा पहिल्यांदा पहिला नंबर आला, तेव्हा दाजींनी हौसेनं लावलेलं.

म्हणजे आतापर्यंत भाच्याच्या नावे एक कच्चं घर होतं, ते चालतं. आता सरकारची एक योजना ते घर पक्कं करणार, आणि ते पक्कं झालं, की सरकारच्या दुसऱ्या योजनेतून तो बाद होणार. दोन्ही योजनांच्या फलकावर फोटो एकच.

‘‘आबा, स्लॅब टाकू नका,’’ भाचा फोनवर कळवळून म्हणाला. ‘‘माझं मंजूर होईपर्यंत पत्रेच राहू द्या. माळवद डागडुजी करा पाहिजे तर.’’

‘‘अरे, पण इंजिनिअर येतोय शुक्रवारी. जुन्या घराचा फोटो काढणार, मला समोर उभं करून. मग पाया खणलेला फोटो, मग चौकटीचा फोटो. बांधलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही.’’

‘‘मग सावकाश बांधा.’’

‘‘सावकाशच बांधतोय. चाळीस वर्षं झाली.’’

सुविधा केंद्रावरच्या मुलानं तोड सांगितली. नाव काढून टाका. भाच्यानं घरावरचा हक्क सोडायचा, पाचशेच्या बाँडवर हक्कसोडपत्र करायचं, रजिस्टर करायचं, नमुना ८ ला फेर घ्यायचा. बस्स. त्याच्या तोंडून ते इतकं सहज आलं, की त्या दिवशी अशी आणखी बरीच मुलं वडिलांच्या घरावरून नाव काढायला आली असावीत.

रात्री फोनवर सगळं कुटुंब जमलं. हक्कसोडपत्र हा शब्द आमच्या घराण्यात नवा नाही. आजवर किती तरी झाली. फक्त ती सगळी बहिणींनी केलेली. भाऊ गाडी करून न्यायला यायचा, तहसीलला सही व्हायची, येताना क्रांती चौकात उसाचा रस. आमच्या घराण्यात मुलानं हक्क सोडण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे सगळे जरा गंभीर झाले होते. दाजींचा आवाज दाटला होता. ताई म्हणाली, पोराचं नाव काढायचं म्हणजे कसंतरीच वाटतंय रे.

तेवढ्यात भाची, म्हणजे भाच्याची धाकटी बहीण, जालन्याहून कॉलवर आली. तिनं दोन वर्षांपूर्वीच शेतावरचा हक्क सोडलेला आहे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘आबा, मी सही केली तेव्हा मला साडी घेतली होती. आठशेची. दादाला काय घेणार आहात?’’

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सूनबाई म्हणाल्या, ‘‘त्यांना काही नको ताई. घर माझ्या नावावर आहे. साडी मला चालेल.’’